कोदाय यांची शिक्षणपद्धती आणि भाषेचा आघात

झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) या हंगेरियन संगीतकाराचे नाव आज मुख्यत्वे बालसंगीतशिक्षणाच्या एका पद्धतीशी निगडित झाले आहे. हस्तमुद्रा व चल षड्ज ही तिची सर्वश्रुत अंगे होत. परंतु ती तर इंग्लंडातून घेतलेली! पद्धतीचा खरा गाभा आमच्या मते कोदाय यांच्या १९०६ च्या प्रबंधात आहे. त्याचा विषय हंगेरियन लोकगीतांतील कडव्यांची रचना हा होता. हंगेरियन भाषेत आघात शब्दाच्या आद्याक्षरावर पडतो आणि स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व त्या आघातावर अवलंबून नसते. तेथील लोकगीतांचा आरंभही सामान्यतः आघातयुक्त मात्रेवरच होतो. जर्मन वळणाच्या चालींत हंगेरियन शब्द कोंबले की भाषेची जी मोडतोड होते, ती कोदाय यांना असह्य वाटे. ‘प्साल्मुस हुंगारिकुस’ (१९२३) या रचनेत एकल गायकाचा स्वर सोळाव्या शतकातील पद्यानुवादाच्या उच्चारगतीला अनुसरून चालतो, आणि वाद्यवृंदाच्या भव्यतेपेक्षा हेच त्या कृतीचे मोठे यश होय.

ही पार्श्वभूमी सोडून केवळ पद्धत उचलली, की विपरीत प्रकार घडतो. हंगेरियन गीतांची अक्षरसंख्या जुळविणारी भाषांतरे परभाषक मुलांना शिकविली जातात आणि आघात भलत्याच अक्षरांवर पडतात. ज्या दोषाविरुद्ध कोदाय आयुष्यभर झगडले, तोच त्यांच्या नावाने रूढ होतो. प्रत्येक मुलाची सुरुवात स्वतःच्या लोकगीतांपासून व्हावी, असा त्यांचा आग्रह होता.