एका परिच्छेदावर उभा असलेला सण

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी विभागात एक सेमिनार पेपर वाचला होता. विषय होता राष्ट्रीय सण आणि त्यांच्या जन्मकथा. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग हा सुगीचा सण १६२१ साली प्लिमथ इथे सुरू झाला.’ मॅडमनी विचारलं, हे कोण म्हणतं? मी एका कोशाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, तसं नाही, १६२१ मध्ये हे कोण म्हणत होतं? मला उत्तर देता आलं नाही. पाठीमागच्या बाकावरून कोणीतरी हसलंही. आजची पोस्ट त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

उत्तर एका परिच्छेदात मावतं. एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याने ११ डिसेंबर १६२१ रोजी इंग्लंडमधल्या मित्राला पत्र लिहिलं आणि ते १६२२ मध्ये लंडनला ‘मोर्ट्‌स रिलेशन’ या पुस्तकात छापलं गेलं. त्यात तो सांगतो की वीस एकर मका चांगला आला, बार्ली बेताचीच झाली, वाटाणा फुलोऱ्यातच उन्हाने करपला. कापणी झाल्यावर गव्हर्नरने चार माणसांना पक्षी मारायला पाठवलं, त्यांनी जवळजवळ आठवडाभर पुरेल एवढी शिकार आणली. बंदुका चालवल्या, खेळ झाले. मासासॉइट नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस राहिला, त्याच्या लोकांनी पाच हरणं मारून आणली. संपलं. या प्रसंगाला वाहिलेले शब्द शंभर-सव्वाशे असतील.

आता जे नाही ते बघा. देवाच्या कृपेचा उल्लेख आहे, पण ‘आभारदिन’ म्हणून हा दिवस पाळला असं नाही. निमंत्रण दिल्याचं नाही. टर्की पक्ष्याचं नाव नाही. तारीखसुद्धा नाही. आणि पत्राचा सूर? आमच्याकडे सगळं ठीक चाललंय, तुम्हीही या, असा. आदल्या हिवाळ्यात १०२ प्रवाशांपैकी निम्मे मेले होते, आणि तरी वसाहतीत नवी माणसं यायला हवी होती. एखादं कागदपत्र हातात घेतलं की ते कोणाला उद्देशून लिहिलंय हे आधी बघायचं असतं. मी ते बघितलंच नव्हतं.

दुसरा साक्षीदार गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड. त्याच्या इतिहासात त्या वर्षीच्या शरदातल्या सुबत्तेचं वर्णन आहे, रानटर्कीही आहेत, पण मेजवानीचा प्रसंग नाही. शिवाय हे हस्तलिखित बराच काळ बेपत्ता होतं. ते लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात सापडलं आणि १८५६ मध्ये पूर्ण छापलं गेलं. म्हणजे टर्की आली ती ब्रॅडफर्डकडून, नव्वद पाहुणे आले विन्स्लोकडून, आणि दोन्ही एकाच टेबलावर बसवली ती नंतरच्या लोकांनी.

‘पहिला थँक्सगिव्हिंग’ हे लेबल मग कुठून आलं? एका तळटीपेतून! १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग याने जुन्या कागदपत्रांचा संग्रह काढला, त्यात विन्स्लोचं पत्र छापताना खाली टीप टाकली की न्यू इंग्लंडमधला हाच पहिला थँक्सगिव्हिंग. जेम्स बेकर यांनी या सणाचं चरित्र लिहिलंय (२००९), त्यात ही वाट नीट दाखवली आहे. त्यांचं मुख्य म्हणणं मला पटतं: सण आधीपासून होता. प्युरिटन लोक प्रसंगानुसार प्रार्थनेचा आभारदिन पाळत. प्लिमथमध्येच १६२३ साली दुष्काळानंतर पाऊस पडला तेव्हा असा दिवस पाळला गेला. पुढे न्यू इंग्लंडमध्ये तो दरसालचा कौटुंबिक सण बनला. १६२१ ची गोष्ट त्याला मागाहून चिकटवली गेली.

लिंकनचा ३ ऑक्टोबर १८६३ चा जाहीरनामा वाचून बघा. सेरा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर तो निघाला, ऐन यादवी युद्धात. त्यात प्लिमथचे यात्रेकरू औषधालाही सापडत नाहीत. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरला तो शेत बघून नव्हे. १९३९ मध्ये रूझवेल्टने व्यापाऱ्यांना खरेदीचे दिवस जास्त मिळावेत म्हणून तो आठवडाभर अलीकडे ओढला, गोंधळ झाला, आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का केला. आपण सरसकट ‘सुगीचा सण’ असं भाषांतर करतो ना, तिथे जरा थांबायला हवं.

हे सगळं ज्या चित्राने लोकांच्या डोक्यात पक्कं केलं ते जेनी ब्राउन्सकोम्बचं, १९१४ सालचं. एक पाठ्यपुस्तक उघडा, ते किंवा त्याची नक्कल सापडेल. उघड्यावर लांब टेबल, हात उंचावून प्रार्थना करणारा वृद्ध, मागे ओंडक्यांचं घर. चित्र म्हणून ते वाईट नाही, उजेड छान पकडलाय. पण ओंडक्यांची घरं प्लिमथमध्ये नव्हती, आणि पिसांचे ते शिरोभूषण शेकडो मैल दूरच्या मैदानी जमातींचे. या चुका सगळेच दाखवतात. मला जास्त खटकते ती संख्या. विन्स्लोच्या हिशेबाने पाहुणे नव्वद आणि इंग्रज जेमतेम पन्नास. चित्रात इंग्रजांची गर्दी आहे आणि वाम्पानोआग मूठभर, कडेला. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे चित्रकर्तीने माणसं मोजूनच ठरवून टाकलं.

याची उलटी बाजूही सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण हल्ली तिकडे घसरतात. ‘खरा थँक्सगिव्हिंग १६३७ च्या पेकॉट कत्तलीतून आला’ असं दर नोव्हेंबरला मोबाइलवर फिरतं. पेकॉटांवरच्या विजयाबद्दल मॅसॅच्युसेट्समध्ये आभारदिन पाळला गेला हे खरं, आणि भयंकर आहे. पण आजचा सण त्यातूनच निघाला, हे दाखवणारी साखळी कुठे आहे? यंगने एका टिपेत जे केलं तेच हे, फक्त बाजू बदलून. मला सहानुभूती कुठल्या बाजूची आहे यावर पुराव्याची अट सैल होत नाही.

डेव्हिड सिल्व्हरमन यांचं ‘धिस लँड इज देअर लँड’ (२०१९) मला म्हणूनच आवडलं. शीर्षकात सण असला तरी ते खरं पुस्तक वाम्पानोआगांचं आहे. मासासॉइट ही पदवी, त्याचं नाव ऊसामेक्विन. १६१६ ते १६१९ च्या साथीने त्याचे लोक खचले होते, शेजारचे नॅरागॅन्सेट मात्र शाबूत होते. मार्च १६२१ चा करार त्याने केला तो या हिशेबाने. म्हणजे तो भोळा यजमान नव्हता, राजकारणी होता. आणि १६७५ मध्ये त्याच्याच मुलाला, मेटाकॉमला, इंग्रजांशी युद्ध करावं लागलं. जेवणाचा प्रसंग या सगळ्यात किती छोटा दिसतो!

१९७० मध्ये प्लिमथला ३५० वा वर्धापनदिन होता. वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग गृहस्थांना भाषणाला बोलावलं, मजकूर आधी मागून घेतला आणि तो नाकारला. मग थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कोल्स हिलवर, मासासॉइटच्या पुतळ्याजवळ लोक जमले, आणि तेव्हापासून तिथे दरवर्षी शोकदिन पाळला जातो. त्या नाकारलेल्या भाषणात जेम्स यांनी आधार कोणता दिला होता? ‘मोर्ट्‌स रिलेशन’चाच. फक्त आधीची पानं. १६२० च्या नोव्हेंबरात केप कॉडवर उतरलेल्या इंग्रजांनी थडगी उकरली, जमिनीत पुरून ठेवलेला मका सापडला तेवढा उचलून नेला, हे त्या पुस्तकात त्यांनी स्वतःच लिहिलंय. पुढे त्यांनी मालकांना भरपाई दिली, हेही नोंदवायला हवं. ब्रॅडफर्ड सांगतो की तो मका मिळाला नसता तर पुढच्या वर्षी पेरायला बियाणंच नव्हतं.

विन्स्लोचा वीस एकर मका त्या बियाण्याचा.