पाणी प्यायलेलं लाकूड

जुनी लाकडी मोटरबोट पाहताना नजर आधी तिच्या चकाकीवर जाते. तांबूस तपकिरी महोगनी, नाळेवरून पाण्यापर्यंत उतरलेली क्रोमची पट्टी, डेकवरच्या फळ्यांमधल्या पांढऱ्या बारीक रेघा. हे सगळं देखणं असतंच. पण अशी बोट ज्यांनी फळी-फळी सुटी करून पुन्हा उभी केली आहे, त्यांना विचारलं तर ते चकाकीबद्दल सर्वांत शेवटी बोलतात. आधी ते तुम्हाला वाकायला लावतात आणि तळ दाखवतात.

मी इथे वाचायला घेतली आहे ती अमेरिकेतल्या क्रिस-क्राफ्ट कंपनीची २२ फुटी ‘स्पोर्ट्समन’, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत बनलेली. जुन्या बोटींची आवड असलेले लोक तिला ‘यू-२२’ म्हणतात. ती काही या कंपनीची सर्वांत वेगवान किंवा सर्वांत महागडी बोट नव्हती. पण कुटुंबाची बोट कशी असावी हे तिच्या आकारातच ठरवलेलं आहे, आणि एखाद्या कलाकृतीकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं तर ते कळत जातं.

मिशिगन राज्यात सेंट क्लेअर नदीच्या काठी अल्गोनॅक नावाचं गाव आहे. ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ (१८६१–१९३९) या होड्या बांधणाऱ्याने आपल्या मुलांसह तिथे हा कारखाना वाढवला. महायुद्धाआधी त्यांची कीर्ती होती ती ‘रनअबाउट’ प्रकारच्या बोटींसाठी. रनअबाउटमध्ये लांबलचक बंद डेक असतो आणि त्यात कापलेल्या खाचांमध्ये बाकं बसवलेली असतात. प्रत्येक खाचेत दोन-तीन माणसं, सगळ्यांची तोंडं पुढे. पुढच्या बाकावरच्या माणसाला मागच्याशी बोलायचं तर मान वळवून ओरडावं लागतं. बोट अतिशय डौलदार, पण तिच्यातली माणसं वेगवेगळ्या कप्प्यांत बसलेली.

स्पोर्ट्समनमध्ये हा डेक बराचसा काढून टाकला आहे. पुढे थोडा डेक, कडेला अरुंद पट्ट्या, आणि मधली सगळी जागा मोकळी. इंजिन बोटीच्या मध्यभागी एका लाकडी पेटीखाली. या पेटीवर मुलं बसतात, डबा उघडला जातो, ओले टॉवेल टाकले जातात, गळाचा डबा ठेवला जातो. तिच्या दोन्ही बाजूंनी चालत पुढे-मागे जाता येतं. सर्वांत गरम, सर्वांत आवाज करणारी वस्तू मधोमध ठेवून तिच्याभोवती माणसांची ये-जा होऊ देणं, हा या आराखड्याचा गाभा आहे. रनअबाउटचे चाहते नाराज होतील, पण मला ही रचना जास्त परिपक्व वाटते. रनअबाउट आखताना काठावरून पाहणाऱ्याचा विचार केलेला दिसतो. स्पोर्ट्समन आखताना आत बसणाऱ्यांचा.

अशी बोट पन्नास-साठ वर्षांनी एखाद्या गोठ्यातून किंवा शेडमधून बाहेर येते तेव्हा चांगला कारागीर लगेच हत्याराला हात घालत नाही. तो आधी तिचा क्रमांक शोधतो. क्रिस-क्राफ्टच्या प्रत्येक बोटीला स्वतःचा क्रमांक असे, आणि तो सुट्या होणाऱ्या भागांवरही लिहिलेला किंवा ठोकलेला सापडतो. इंजिनाच्या पेटीची झाकणं, जमिनीच्या फळ्या, कुणाचीच नजर जाणार नाही अशा आतल्या बाजू. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये या कंपनीची कागदपत्रं जपलेली आहेत. त्यात बोटींची कार्डं आहेत. बोट कधी रवाना झाली, कुठे गेली, तिच्यात कोणतं इंजिन बसवलं, अशा नोंदी त्या कार्डावर मिळतात. कारखान्यातल्या कुणीतरी कामाचा भाग म्हणून केलेली ती नोंद आज त्या बोटीच्या मालकाला आजोबांच्या जुन्या पत्राइतकी मोलाची वाटते.

कार्ड कारखान्याचं सांगतं. त्यापुढचं बोट स्वतः सांगते. या बोटी काही एकेकट्या घडवलेल्या नव्हत्या. एकाच साच्यातून शेकडो बाहेर पडत. दुसरीपासून पहिली वेगळी झाली ती वापराने. उजव्या कडेवर एकाच ठिकाणी झिजलेली पट्टी असते, कारण त्या घराच्या धक्क्याला बोट नेहमी त्याच बाजूने लागत असे. मागच्या फळीवर बुजवलेली चार भोकं दिसतात. कधीकाळी तिथे पाण्यावरच्या स्कीची दोरी बांधायचा खांब होता. सुकाणूच्या चाकाची कड एका बाजूला जास्त गुळगुळीत झालेली असते. पुनर्बांधणी करणाऱ्याला यातली प्रत्येक खूण वाचून तिच्याबद्दल निर्णय घ्यावा लागतो. सडलेलं काढणं सोपं आहे. झिजलेलं पण धड असलेलं ठेवायचं की नवं बसवायचं, इथे त्याची रसिकता कळते.

आता तळ. या कलाकृतीचा सर्वांत समृद्ध भाग हाच, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

स्पोर्ट्समनचा तळ दुहेरी फळ्यांचा आहे. आतला थर पातळ फळ्यांचा, तिरका बसवलेला. त्यावर सीलिंगच्या लेपात भिजवलेलं कॅनव्हासचं कापड. त्यावर बाहेरचा थर, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत उभ्या लांबीत गेलेल्या फळ्यांचा. हे सगळं लाकडी फासळ्यांवर स्क्रूंनी जखडलेलं. दोन थरांचे धागे एकमेकांना छेदतात, त्यामुळे तळ पीळ खात नाही. पण तो पाणबंद होतो कशाने? निव्वळ लेपाने नाही. कोकणातल्या घराचं दार जसं पावसाळ्यात फुगून चौकटीत घट्ट बसतं, तसा हा तळ पाणी पिऊन फुगतो आणि फळ्यांमधल्या फटी मिटतात. हिवाळाभर शेडमध्ये ठेवलेली बोट वसंतात तळ्यात उतरवली की सुरुवातीला ती गळते. ती गळणारच, तशीच ती बांधलेली आहे. पंप लावून ठेवायचा, तासातासाला पाहायचं, आणि एक-दोन दिवसांत गळती कमी होत होत थांबते. आपला शत्रू असलेल्या पाण्यालाच आपल्या रक्षणाच्या कामाला लावणारी ही रचना मला थक्क करते.

तिची दुखरी बाजूही याच ठिकाणी आहे. मधलं कॅनव्हास म्हातारं झालं की ओल धरून ठेवतं आणि आतल्या फळ्या कुजायला लागतात. वरून बोट ठणठणीत दिसते, आणि टोच्या लावला तर तो लोण्यात जावा तसा आत जातो. म्हणून जुन्या बोटींच्या बाजू आणि डेक बऱ्याचदा मूळचे टिकतात, पण तळ बहुधा नवा करावा लागतो. बोट उलटी करून, आकार हरवू नये म्हणून तिला आतून आधार देऊन, जुनी फळी साचा म्हणून वापरत नवी फळी कापायची.

इथेच पुनर्बांधणी करणाऱ्यांमध्ये मोठा मतभेद आहे. आज अनेक जण दोन थरांमध्ये कॅनव्हासऐवजी थ्रीएम कंपनीचं ‘५२००’ हे रबरासारखं चिवट सीलंट भरतात. असा तळ फुगण्याची वाट पाहत नाही. ट्रेलरवरून आणा, पाण्यात सोडा, निघा. जुन्या पद्धतीचे आग्रही म्हणतात की हे बोटीचा आत्मा बदलणं झालं. माझं मत बोट कशासाठी आहे त्यावर ठरतं. संग्रहालयात राहणार असेल तर कॅनव्हासच हवं. पण शनिवारी सकाळी नातवंडांना घेऊन निघायचं असेल आणि बोट दोन दिवस पंपावर ठेवण्याइतका वेळ कुणापाशीच नसेल, तर ५२०० वापरणाऱ्याला मी दोष देणार नाही. कुटुंबाच्या बोटीने कुटुंबाला पाण्यावर न्यावं, हा तिच्या मूळ रचनेतलाच आग्रह आहे.

तळाच्या सरळपणाबद्दल एक बाब सांगायलाच हवी. वेग घेतल्यावर ही बोट पाणी कापत जात नाही, पाण्याच्या वर उचलली जाते आणि मागच्या तळावर सरकते. त्यामुळे तळाचा मागचा भाग सरळ असायला हवा. तो टोकाशी खाली वळला तर नाळ पाण्यात दबते. मधे पोटासारखा सुटला तर नाळ वरखाली उसळत राहते. चांगला कारागीर लांब पट्टी लावून, दोरा ताणून हे पुन्हा पुन्हा तपासतो. हे काम झाल्यावर त्याच्यावर रंग बसतो आणि बोट पाण्यात जाते. कुणीच ते पाहत नाही. प्रवाशाला फक्त एवढंच जाणवतं की बोट शांतपणे धावते आहे.

आणि स्क्रू. मूळचे स्क्रू पितळेचे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षं पाण्याजवळ राहून त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतो तो गुलाबीसर, ठिसूळ सांगाडा. फिरवायला गेलं की डोकं तुटून हातात येतं. म्हणून आता सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू वापरतात. प्रत्येक स्क्रूचं डोकं फळीत खोल बसवून त्यावर त्याच लाकडाचं गोल बूच ठोकलं जातं. हे बूच बसवताना त्याचे धागे फळीच्या धाग्यांच्या दिशेने वळवावे लागतात, नाहीतर व्हार्निशखाली ते ठिपक्यासारखं उठून दिसतं. शेकडो बुचं, प्रत्येकाची दिशा पाहून. काही कारागीर ते गोंदाऐवजी व्हार्निशमध्ये बुडवून बसवतात, म्हणजे पुढे कधी स्क्रू काढावा लागला तर बूच फळीला इजा न करता निघेल. पन्नास वर्षांनी येणाऱ्या अनोळखी सुताराची ही काळजी मला या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. यातल्या बऱ्याच बोटींत सहा सिलिंडरचं ‘मॉडेल के’ असे, ९५ अश्वशक्तीचं, मूळ हर्क्युलिस कंपनीच्या ब्लॉकवर बेतलेलं. ते थंड ठेवायला तळ्याचंच पाणी आत ओढलं जातं आणि धुरासोबत मागच्या नळीतून बाहेर पडतं. त्या पाण्यामुळेच या बोटींचा तो घोगरा, गुळण्या करत बोलल्यासारखा आवाज येतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. म्हणून सुरू करण्याआधी तिथली हवा बाहेर काढणारा पंखा चालवावा लागतो. तो मूळ बोटीत नसला तरी बसवावा. इथे जुनेपणाचा हट्ट धरू नये.

या बोटीला घराघरांत नेलं ते एका चित्रपटाने. मार्क रायडेल दिग्दर्शित ‘ऑन गोल्डन पाँड’ १९८१ साली आला. अर्नेस्ट थॉम्प्सन यांच्या नाटकावरून, न्यू हॅम्पशायरमधल्या स्क्वाम तळ्यावर चित्रित झालेला. हेन्री फोंडा आणि कॅथरीन हेपबर्न हे वृद्ध थेअर जोडपं. आणि फोंडांची खरी मुलगी जेन पडद्यावरही त्यांची दुरावलेली मुलगी. या घराची बोट म्हणजे क्रिस-क्राफ्ट स्पोर्ट्समन. ‘थेअर फोर’, म्हणजे थेअर घराण्यातली चौथी. त्या नावातच कुटुंबाच्या उन्हाळ्यांची मोजदाद आहे. म्हातारा नॉर्मन, म्हणजे फोंडा, स्वतःच्या मुलीशी जे बोलू शकत नाही ते त्याला तेरा वर्षांच्या परक्या मुलासोबत बोटीत जमू लागतं. खडकाळ खाडीत शिरताना त्या मुलाचे डोळे त्याला लागतात. त्याची स्मृती दगा देते आहे, अंधारात बोट खडकावर आदळते आणि दोघं पाण्यात अडकतात. बोट इथे नेपथ्य राहत नाही; नॉर्मनला अजून काय जमतं आणि काय जमत नाही, हे कुणी तोंडाने न सांगता ती दाखवते. या भूमिकेसाठी फोंडांना ऑस्कर मिळालं आणि १९८२ मध्ये ते गेले. म्हणून ती दृश्यं पाहताना पडद्यावरचा बाप आणि खरा बाप मला वेगळे करता येत नाहीत.

या चित्रपटाने अनेकांच्या मनात लाकडी बोटीचं एक चित्र पक्कं केलं: चकचकीत, लालसर, व्हार्निश केलेली. आणि इथूनच एक अडचण सुरू होते. युद्ध संपल्यावर महोगनीची टंचाई होती. त्यामुळे १९४६-४७ च्या काळातल्या काही स्पोर्ट्समन बोटींच्या बाजूंना सिडारच्या फळ्या लावल्या गेल्या आणि त्या पांढऱ्या रंगवल्या गेल्या. डेक महोगनीचा, बाजू पांढऱ्या. आज अशी बोट हातात आली की मालकाला मोह होतो, सिडार काढून महोगनी लावू, पडद्यावर पाहिली तशी लाल करू. ती विकली जाईल चांगल्या किमतीला, प्रदर्शनात लोकही जमतील.

मला हे पटत नाही. त्या पांढऱ्या रंगात युद्धानंतरचं ते वर्ष आहे. कारखाने सैन्याच्या बोटींवरून पुन्हा घरगुती बोटींकडे वळत होते, हवं ते लाकूड मिळत नव्हतं, घरी परतलेल्यांना तळ्यावर जायची घाई होती, आणि मिळालं त्या लाकडात कारागिरांनी तीच डौलदार बाजू उभी केली. सिडार हलकं आणि सहज न कुजणारं लाकूड आहे. वर रंग असल्यामुळे त्याला दरवर्षी व्हार्निशचे थर लागत नाहीत. त्या बोटीच्या पहिल्या मालकाच्या मुलांनी तिला पांढरीच पाहिली. ती पांढरी असतानाच तिच्यातून पोहायला उड्या मारल्या. माझ्या हाती अशी बोट आली तर तळ नवा करीन, स्क्रू बदलीन, पंखा बसवीन, आणि बाजूंना पांढराच रंग देईन.