ओस पडलेल्या वाडीचा प्रश्न

आमच्या वाचकमंडळाची बैठक या वेळी मंचरला एका कुटुंबाच्या ओसरीवर भरली. जुन्नरहून चौघे आणि आंबेगाव तालुक्यातील सहाजण जमले होते. पुस्तक होते व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही छोटेखानी कादंबरी सलग वाचली, तेव्हा तिच्या शेवटाशी सारेच अडले.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर येतो, शाळा चालू करतो, गावाच्या श्रमांतून तालीम उभी राहते, तिच्या समारंभाला खुद्द महाराज येतात. आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडतात, शाळेत मुले उरत नाहीत, मास्तरही निघतो. पुढे पाऊस पडल्यावर माणसे परतली का, तालमीचे काय झाले, मुले गिरवलेली अक्षरे विसरली का, यांपैकी एकाही प्रश्नाला लेखक उत्तर देत नाही.

"मग मास्तराने केले तरी काय?" मंडळातील एका निवृत्त गुरुजींनी विचारले. त्यांच्या स्वरात टीका नव्हती. भीमाशंकरच्या बाजूच्या वस्तीवर त्यांनी शाळा चालविलेली. भातकापणी उरकली की आईबाप मजुरीला खाली उतरायचे, मुले त्यांच्यामागे जायची, आणि फळ्यावरची तारीख पुसायलासुद्धा कोणी नसायचे. कादंबरीचा शेवट त्यांना स्वतःच्या नोकरीचा हिशेब मागत होता. आम्हांपैकी कोणालाच लगेच काही बोलता आले नाही.

उत्तर आले ते एका वयस्क बाईंकडून. "वाडीची माणसं येतील हो परत. त्यांची जमीन जाग्यावर आहे. आमची पाण्याखाली गेली." त्यांचे माहेर जुन्या आंबेगावचे. घोड नदीवरच्या डिंभे धरणात ते गाव बुडाले. तालुक्याला नाव तेवढे त्याचे राहिले.

या एका वाक्याने आमचे वाचन बदलले. 'बनगरवाडी'चा शेवट दुःखाचा आहे असे आपण धरून चालतो, ते बरोबर नाही. तो अपुऱ्या माहितीचा शेवट आहे. कथा सांगतो तो मास्तर, आणि मास्तर वाडीचा नव्हे. तो निघाला की त्याचे डोळेही वाडीवरून निघाले. त्यानंतरचे सांगायचे तर लेखकाला रचावे लागले असते, आणि माडगूळकरांनी ते रचले नाही. गुरुजींना हे फारसे पटले नाही. लेखकाला एक ओळ लिहायला काय हरकत होती, हा त्यांचा मुद्दा कायम राहिला.

त्यावर एका तरुणीने उधळ्या पुत्राच्या दाखल्याची आठवण दिली. थोरला भाऊ अंगणात रुसून उभा, बाप त्याची समजूत घालतो आहे, आणि दाखला तेथेच थांबतो. तो घरात गेला की नाही, हे लूक सांगत नाही. दर काही वर्षांनी हा पाठ मिस्सेत आपण ऐकतो आणि शेवट राहून गेल्याची तक्रार कोणी करीत नाही. गुरुजी हसले, "तिथं निदान बाप अंगणात उभा आहे," म्हणाले. हे उत्तर आम्हांला वजनदार वाटले. वाडीवर मागे कोण उभे आहे?

आमचीही एक नापसंती आहे. बैलाच्या जागी स्वतः जू खांद्यावर घेणारी बाई या कादंबरीत आहे. कारभाऱ्याची लेक अंजी आहे. पुरुषांच्या जाण्यात वाडीचे जाणे जेवढे दिसते, तेवढे या बायकांच्या जाण्यात दिसत नाही. मास्तराला जे दिसणे शक्य नव्हते ते सुटले, हे मान्य. पण बायकांच्या बाबतीत मास्तराने पाहिलेच थोडे, आणि लेखकाने ते त्याला चालवून घेतले, असे आमचे मत आहे. मंडळातील पुरुषांना हा आक्षेप ओढूनताणून वाटला. बायकांना वाटला नाही.

बैठक संपली तेव्हा दिवेलागण झाली होती. जुन्नरची गाडी गाठायची म्हणून चौघे घाईने उठले. पुस्तकाची प्रत गुरुजींनी पुन्हा वाचायला मागून घेतली.