पाटीवरचा आकडा आणि यंत्राचं वय

जुन्या घरगुती वस्तू गोळा करणाऱ्यांची एक सवय आम्हाला खटकते, आणि आजचं बोलणं त्या सवयीबद्दल आहे. उदाहरण घेतलंय उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचं, म्हणजे ज्याला 'अपराइट' म्हणतात त्याचं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर म्हटलं की जमिनीवरून ओढत न्यायचा डबा आणि त्याला लावलेली लांब नळी डोळ्यांसमोर येते. १९८२ पासून युरेका फोर्ब्सचे विक्रेते दारोदार जाऊन प्रात्यक्षिक दाखवायचे, ते याच घाटाचं यंत्र. अपराइट वेगळा. त्याची मोटर आणि फिरता ब्रश खाली जमिनीलगत असतो, वर दांडा आणि दांड्याला टांगलेली धुळीची पिशवी. हे गालिच्याच्या देशातलं यंत्र आहे. शहाबादी फरशीला आणि मोझेकला फिरत्या ब्रशची गरज नव्हती, म्हणून ते आपल्या घरांत फारसं आलं नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र ते घरोघरी होतं आणि आज त्याचे संग्राहक तिथे पुष्कळ आहेत. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनाही जुन्या बाजारात ते सहज सापडतं.

आता ती सवय. यंत्र दिसलं की त्याचा घाट बघायचा आणि दशक सांगून मोकळं व्हायचं. 'हा विसातला', 'हा तिसातला'. फार तर यंत्र उलटं करून पाटीवरचं पेटंटचं साल वाचायचं आणि तेच जन्मसाल म्हणून चिठ्ठीवर लिहायचं. आमचं म्हणणं असं, की या दोन्ही पद्धती एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लिहितात. जुन्या पोथीच्या शेवटी शक दिलेला असतो. तो ग्रंथ रचल्याचा, की नक्कल उतरवल्याचा, की आधीच्या नकलेतला शक लेखकूने तसाच उतरवून ठेवलाय, हे तपासल्याशिवाय पोथीचा काळ कुणी ठरवत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण इतकी साधी काळजीही घेत नाही.

घाटापासून सुरुवात करू. ओहायोमधल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार होता. झाडताना उडणाऱ्या धुळीनं त्याचा दमा बळावायचा. त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जोडणी करून एक यंत्र बनवलं. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ८,८९,८२३. ते हक्क शेजारच्या न्यू बर्लिन गावातल्या विल्यम हूवर यांनी घेतले. हूवरांचा धंदा चामड्याच्या सामानाचा होता. त्याच साली त्यांचं 'मॉडेल ओ' बाजारात आलं. त्यानंतरची बरीच वर्षं हूवरचा घाट ढोबळमानानं तोच राहिला: मोटरचा उभा डबा उघडा, समोर ब्रशचं तोंड, मागं पिशवी. १९२६ च्या 'मॉडेल ७००'मध्ये मोठा बदल झाला. नुसत्या ब्रशऐवजी गालिचा थोपटणाऱ्या धातूच्या पट्ट्या असलेला रोलर आला. पण हा बदल यंत्राच्या पोटाखाली आहे. समोरून बघणाऱ्याला तो दिसतच नाही.

१९३६ मध्ये नेमकं उलट झालं. हूवरनं हेन्री ड्रेफस या डिझायनरकडून 'मॉडेल १५०' करून घेतलं. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूमुळे वजन कमी झालं आणि मोटरवर बेकलाइटचं गुळगुळीत, घरंगळतं झाकण आलं. घरातलं यंत्र म्हणून ते फार नेटकं काम आहे, यात शंका नाही. खाचाखोचा गेल्या, त्यात अडकणारी धूळ गेली, ढकलणाऱ्या बाईच्या हातावरचा भार गेला. पण खाली गालिचा थोपटायचं तत्त्व दहा वर्षांपूर्वीचंच होतं. म्हणजे १९२६ चं यंत्र आतून नवं आणि बाहेरून जुनं, तर १९३६ चं बाहेरून पूर्ण नवं आणि आतून बरंचसं जुनं.

यातून संग्राहकानं काय घ्यायचं? घर चालवणाऱ्या बाईला आपलं चालू यंत्र एकाएकी जुनाट वाटावं, हा अशा कवचाचा एक हेतूच असतो. घाटावरून वय ठरवणारा संग्राहक विक्री खात्यानं आखलेली वर्षंच इतिहास म्हणून वाचत असतो. घाटावरून मॉडेल ओळखता येतं, आणि ते ओळखायलाच हवं. बेकलाइटचं झाकण असलेल्या हूवरवर कुणी 'विसातला' असं लिहिलं असेल, तर ते चूक आहे हे घाटच सांगतो. पण मॉडेल कधी बाजारात आलं ही एक तारीख, आणि तुमच्या हातातलं यंत्र कधी बनलं ही दुसरी. एक मॉडेल वर्षानुवर्षं बनत राहतं.

आता पाटी. पाटी खरी साक्षीदार आहे, पण तिला योग्य प्रश्न विचारायला हवेत. अमेरिकी पाटीवर बहुधा पेटंट क्रमांकांची रांग असते. दहा लाखावं पेटंट ऑगस्ट १९११ मध्ये दिलं गेलं, वीस लाखावं एप्रिल १९३५ मध्ये, तीस लाखावं सप्टेंबर १९६१ मध्ये, चाळीस लाखावं डिसेंबर १९७६ मध्ये. एवढे चार टप्पे पाठ असले तरी पुष्कळ काम होतं. चूक अशी होते, की लोक रांगेतला पहिला, म्हणजे सगळ्यात जुना क्रमांक घेतात, कारण त्यानं यंत्र जुनं ठरतं आणि जुनं ठरलं की किंमत चढते. बघायचा असतो सगळ्यात मोठा आकडा. वीस लाखाच्या पुढचा एक जरी क्रमांक पाटीवर असला, तर ती पाटी एप्रिल १९३५ च्या आधीची असूच शकत नाही, मग बाकीचे क्रमांक कितीही जुने असोत. आणि हा आकडासुद्धा 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतो. त्या काळी पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालायचं, आणि तोवर क्रमांक पाटीवर राहायला काहीच हरकत नव्हती.

पेटंटपेक्षा आम्हाला पत्ता आणि कंपनीचं नाव जास्त बोलकं वाटतं. हूवरचं गाव न्यू बर्लिन. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं नकोशी झाली आणि १९१८ मध्ये गावाचं नाव नॉर्थ कँटन झालं. पाटीवर न्यू बर्लिन असेल तर ती जुन्या नावाच्या काळातली. कंपनीची नावंही बदलत गेली: आधी इलेक्ट्रिक सक्शन स्वीपर, मग हूवर सक्शन स्वीपर, मग नुसतं हूवर. क्लीव्हलंडसारख्या मोठ्या अमेरिकी शहराच्या पत्त्यात गावानंतर एक-दोन अंकी आकडा असेल, तर तो टपालाचा विभाग. ही पद्धत १९४३ मध्ये आली आणि १९६३ मध्ये पाच अंकी झिप कोडनं तिची जागा घेतली. आकडा सापडला की वीस वर्षांची चौकट हातात आली.

अर्थात पत्ताही फसवतो. लंडनच्या पश्चिमेला पेरिव्हेलचा हूवरचा कारखाना १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला. ती पांढरीशुभ्र इमारत आजही बघायला लोक जातात. तेव्हा पेरिव्हेल लिहिलेली पाटी त्याआधीची नाही, हे पक्कं. पण कुणी म्हणेल, पाटीवर 'मिडलसेक्स' आहे आणि ती परगणा म्हणून १९६५ मध्ये संपली, म्हणून यंत्र १९६५ च्या आधीचं. हे चालणार नाही. परगणा कारभारातून गेला, टपालाच्या पत्त्यातून नाही.

काही तारखा यंत्राबाहेरच्या असतात. अमेरिकेत १९४२ मध्ये युद्धसामग्रीसाठी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचं उत्पादन थांबवलं गेलं, ते युद्ध संपताना पुन्हा सुरू झालं. 'अमेरिकी बनावट, १९४३' अशी चिठ्ठी दिसली, तर लिहिणाऱ्याला पुरावा विचारा.

आता वायर, प्लग आणि पिशवी. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण हे भाग बदलण्यासाठीच असतात. ब्रिटिश यंत्राच्या वायरमध्ये लाल, काळा आणि हिरवा रंग असेल तर ती जुन्या पद्धतीची. तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा असेल तर ती १९७० च्या सुमारास आलेल्या नव्या पद्धतीची. पण यातून वय कळतं ते वायरचं. प्लगवरून तर काहीच ठरवू नये. ब्रिटनमध्ये विकताना प्लग बसवून देण्याची सक्ती १९९४ च्या नियमांनी आली. त्याआधी बरीच यंत्रं प्लगविनाच विकली जात आणि गिऱ्हाईक घरातल्या सॉकेटप्रमाणे प्लग लावून घेई. पिशवी फाटते, म्हणून ती बदलते. मोटरचे कार्बन झिजतात, पट्टा सैल होतो, ब्रशचे केस गळतात. पन्नास वर्षं वापरलेल्या यंत्रात पाच वेगवेगळ्या सालांचे भाग सुखानं नांदतात. किर्बीसारखी कंपनी तर ग्राहकांची जुनी यंत्रं कारखान्यात परत घेऊन नव्यासारखी करून देत असे. अशा यंत्राचं 'खरं साल' कोणतं? आमच्या मते त्याला एक साल नसतंच. त्याला घडणीचं साल असतं, दुरुस्त्यांची सालं असतात आणि वापराचा काळ असतो. ते सगळं वेगवेगळं लिहावं.

आता आमची खरी तक्रार. ती झळाळीबद्दल आहे. संग्राहकांच्या प्रदर्शनात आरशासारखं चमकणारं यंत्र बक्षीस घेतं. काही मॉडेलं कारखान्यातूनच चकचकीत यायची, त्यांचं ठीक आहे. पण जे मॉडेल राखाडी रंगात यायचं, त्याचा रंग खरवडून खालचा धातू घासला, तर कारखान्यातून कधीच न निघालेलं यंत्र तयार होतं. घासताना ओतकामावरचे आकडे पुसट होतात, रंगाच्या रेघा जातात, पाटीची अक्षरं झिजतात. पिशवी धुतली की तिच्यावरची छापील अक्षरं फिकी पडतात, आणि मूळ पिशवी तर मॉडेलची उत्तम ओळख. म्हणजे ज्या खुणांवरून वय सांगता आलं असतं, त्या आपणच पुसतो आणि मग घाटाकडे बघून अंदाजानं साल लिहितो. पुढचा माणूस ते साल उतरवून घेतो. दोन-तीन हातांनंतर तो अंदाज वाटतच नाही. आणि दांड्यावर ठरावीक जागी पडलेली झीज, जिथे कुणा बाईचा किंवा मोलकरणीचा हात वर्षानुवर्षं होता, तीही जाते. त्या कामाची दुसरी नोंद बहुधा कुठेच नसते.

यावर कुणी म्हणेल, मग यंत्र मळकट आणि बंदच ठेवायचं का? नाही. चालवायचं असेल तर जुनी वायर बदलायलाच हवी. कापडी वेष्टणाच्या आतलं रबर काळानं तडकतं आणि धातूच्या अंगात वीज उतरू शकते. अमेरिकेतून आणलेलं ११० ते १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर मोटर जळेल. पाटीवर 'एसी-डीसी' लिहिलंय म्हणून व्होल्टचा फरक माफ होत नाही. तेव्हा दुरुस्ती जरूर करा, जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करा. पण हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, पाटीचा जवळून घ्या. काढलेली वायर, पट्टा, पिशवी टाकू नका, चिठ्ठी लावून यंत्रासोबत ठेवा. आणि घासण्याआधी चार वेळा विचार करा.

चिठ्ठीही अशी लिहा. समजा तुमच्याकडे मॉडेल १५० आहे. 'हूवर, १९३६' एवढंच लिहू नका. लिहा: 'हूवर मॉडेल १५०. मॉडेल बाजारात आलं १९३६. हे यंत्र त्या सालचं किंवा नंतरचं. पिशवी मूळची नाही. वायर आम्ही बदलली, जुनी सोबत आहे.' ही चिठ्ठी लांब आहे आणि तिच्यानं किंमत कदाचित थोडी उतरेल. पण तिच्यातलं एकही वाक्य पुढच्या माणसाला खोडावं लागणार नाही.

तुमच्याकडे असं यंत्र असेल, तर आज घरी गेल्यावर ते पुसू नका. आधी उलटं करा, पाटी वाचा आणि तिच्यावरचा सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा. आता प्रश्न घेऊ.