किल्ला पडला, किल्लेदार तेच

पिंपरी-चिंचवडच्या राजकीय बातमीत नेते शड्डू ठोकतात, सुरुंग लावतात, बंडाचे निशाण फडकवतात आणि अर्ज माघारीच्या दिवशी तलवार म्यान करतात. भोसरीत आखाड्याची भाषा शोभते तरी; तिथल्या तालमी खऱ्या आहेत आणि आमदार महेश लांडगे स्वतः पैलवान. पण तोच 'धोबीपछाड' उभ्या जन्मात लंगोट न कसलेल्या, प्राधिकरण वसाहतीतल्या उमेदवारालाही मिळतो.

रंगीत भाषेचे मराठी वृत्तपत्रांना वावडे कधीच नव्हते. अत्र्यांच्या 'मराठा'ने काँग्रेसच्या स. का. पाटलांचा 'सदोबा' करून टाकला. त्या लेखनात सभ्यपणा बेताचाच होता, पण घाव ज्याचा त्यालाच बसे. आजची विशेषणे कुणालाही बसतात. 'कार्यसम्राट' तर गल्लोगल्ली आहेत. त्यांतले बरेचसे वाढदिवसाच्या जाहिरातीतून बातमीत उतरलेले.

माझा खरा आक्षेप 'बालेकिल्ला' या शब्दाला आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत भाजपने १२८ पैकी ७७ जागा जिंकल्या, राष्ट्रवादी ३६ वर आली, आणि अजितदादा पवारांचा बालेकिल्ला ढासळल्याचे जो तो लिहू लागला. जणू परका शत्रू चाल करून आला होता! प्रत्यक्षात भाजपची धुरा ज्यांच्याकडे होती ते लक्ष्मण जगताप आणि महेश लांडगे दोघेही राष्ट्रवादीतच वाढलेले. जगताप २०१४ मध्ये भाजपचे आमदार झाले. लांडगे त्याच वर्षी अपक्ष निवडून आले आणि पुढे भाजपमध्ये गेले. नगरसेवकांचीही तीच गत. गडावरच्या शिबंदीनेच निशाण बदलले होते, आणि खरी बातमी तीच होती. आकड्यांसोबत ती छापूनही आली. मथळ्यातल्या तोफांच्या आवाजात ऐकू मात्र गेली नाही.

चाकणचा भाग ज्या शिरूर लोकसभा मतदारसंघात येतो, तिथे भाषेची आणखी तारांबळ उडाली. २०१९ मध्ये शिवसेनेतून राष्ट्रवादीत आलेल्या अमोल कोल्हे यांनी शिवसेनेच्याच शिवाजीराव आढळरावांना हरवले. बंद पडलेल्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या की बैलगाड्यापुढे घोडी धरण्याचा शब्द कोल्हेंनी दिला होता. त्यावरून झालेली टीका-टोलेबाजी पुष्कळ छापली गेली, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत निमगावच्या खंडोबाच्या घाटात ते खरोखर घोडीवर बसले. तेव्हा वार्ताहराला अलंकार शोधावा लागला नाही. घाट, बारी, गर्दी जशी दिसली तशी लिहिली तरी पुरे होती. पुढे राष्ट्रवादी फुटली आणि २०२४ मध्ये, त्याच पक्षाला तीनदा पाडून खासदार झालेले आढळराव अजित पवार गटाच्या घड्याळावर उभे राहिले आणि कोल्हे दुसऱ्या गटाच्या तुतारीवर. शेजारच्या मावळात, २०१९ ला पार्थ पवारांना दोन लाखांहून अधिक मतांनी हरवणाऱ्या शिवसेनेच्या श्रीरंग बारणे यांच्यासाठी खुद्द पार्थचे वडील अजित पवार यांनी मते मागितली. कालचे 'कट्टर वैरी' असे एका मांडवात आल्यावर बातमीदाराजवळ 'मनोमीलन' हा एकच शब्द उरला. कोण कुणाच्या विरोधात का होता आणि आता का नाही, हा प्रश्न त्या शब्दाखाली झाकला जातो.

या धुळवडीत शहराला २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड येणारे पाणी आणि चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी आतल्या पानावर जाते.

स्थानिक संपादकांना एक विनंती. विशेषणे हवी तेवढी वापरा, हौस आहे तुमची. फक्त प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे त्याचे आधीचे पक्ष, सालासकट, कंसात छापा.