साक्षीदार फिरला तर: एडमंड कीनचा शायलॉक

रंगभूमीवरच्या नटावर पीएचडी करायची म्हटली की पहिली पंचाईत ही, की ज्याचा अभ्यास करायचा तो अभिनयच शिल्लक नाही. एडमंड कीन १८३३ मध्ये गेला. आवाज नाही, हालचाल नाही. आपल्या हातात चित्रं, पत्रं, परीक्षणं आणि चरित्रं.

चरित्रांतली गोष्ट ठरलेली. गावोगावच्या फिरत्या मंडळ्यांत हलाखीचे दिवस, २६ जानेवारी १८१४ ला लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये शायलॉक, आणि एकदम नाव. मग दारू. १८२५ चा परस्त्रीसंबंधाचा खटला, ८०० पौंड भरपाई, प्रेक्षकांची हुर्यो. शेवटी मार्च १८३३ मध्ये ऑथेल्लो करताना रंगमंचावरच कोसळणं, तेही इयागो झालेल्या स्वतःच्या मुलासमोर. द्यूमाने १८३६ मध्ये यावर आयतं नाटकच लिहिलं! माझी तक्रार अशी की या सगळ्यात माणूस दिसतो, नट दिसत नाही.

नट शोधायचा तर विल्यम हॅझलिटकडे जावं लागतं. ‘मॉर्निंग क्रॉनिकल’साठी त्याने हा शायलॉक पाहिला आणि भरभरून कौतुक केलं. पण त्या सुरुवातीच्या परीक्षणांत एक कुरबूर आहे: चालण्यात फार हलकेपणा, फार जोम, कुढणाऱ्या, खुनशी शायलॉकला हे शोभत नाही. आता गंमत बघा. १८१६ मध्ये हाच हॅझलिट लिहितो की आपण वाकलेला, जर्जर म्हातारा बघायच्या अपेक्षेने गेलो होतो, आणि ती अपेक्षा दुसऱ्या नटांकडून घेतलेली होती, नाटकातून नाही. संहिता पुन्हा वाचल्यावर त्याला कीन बरोबर वाटला.

बरेच जण इथे दुसरं मत उचलतात आणि पहिलं सोडून देतात. घाई होते ती. १८१६ पर्यंत कीन मोठा नट झाला होता आणि त्याला डोक्यावर घेणाऱ्यांत हॅझलिट स्वतः होता. म्हणजे हा साक्षीदारही तटस्थ नाही. शिवाय ‘बरोबर’ हा निकाल झाला, निरीक्षण नव्हे.

म्हणून परीक्षण वाचताना वहीत दोन रकाने पाडा. एकात नटाने काय केलं, दुसऱ्यात समीक्षकाला काय वाटलं. हॅझलिटचा दुसरा रकाना दोन वर्षांत उलटला, पहिला तसाच राहिला. त्यात चालीचा हलकेपणा आहे. शायलॉकला लाल केसांचा टोप घालायची जुनी पद्धत मोडून कीनने काळा वापरला, ही इतरांनी सांगितलेली गोष्टही त्याच रकान्यात टाका.

यातली चालीची नोंद मला सगळ्यात भरवशाची वाटते. ती लिहिली तेव्हा हॅझलिटला ती चाल आवडलेली नव्हती.