मला दाबवत नाहीये : 'द लास्ट ऑफ अस'चे खेळाडू आणि त्यांचा राग

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)



आधीच सांगून टाकतो, आज मी एका गोष्टीचा शेवट फोडणार आहे. नुसता शेवट नाही, मधलंही सगळं. 'द लास्ट ऑफ अस' आणि त्याचा दुसरा भाग ज्यांना अजून खेळायचाय त्यांच्यासाठी बाहेर चहा ठेवलाय. (हशा) कुणी उठत नाही. ठीक.

मी मूळचा नाटकाचा माणूस. तीसेक वर्षं नाटकांवर लिहितोय. व्हिडिओ गेमकडे आलो तो भाच्यामुळे. २०२० चा जून, टाळेबंदी, आम्ही सगळे एकाच घरात अडकलेलो, आणि हा पठ्ठ्या रात्र रात्र जागून दुसरा भाग खेळत होता. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर हा कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता बसलेला. पडद्यावर एक दणकट बांध्याची मुलगी मारली जात होती, परत उभी राहत होती, परत मारली जात होती. म्हटलं, काय रे, झोप आली का? तर म्हणाला, "मामा, मला दाबवत नाहीये."

दाबवत नाहीये. शाळेत याला शक्य क्रियापद म्हणायचे, आठवतंय? मला चालवतं, मला बघवत नाही. आज मला बोलायचंय ते या एका क्रियापदाबद्दल. हा गेम आल्यावर जगभर जो गदारोळ झाला, त्याच्या तळाशी मला हे क्रियापद दिसतं.

आता थोडी कथा, न खेळलेल्यांसाठी. कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग या स्टुडिओने २०१३ साली पहिला भाग काढला. सिनेमासारखा गेम म्हणतात तो हा. खरे नट अभिनय करतात, कॅमेरा, पार्श्वसंगीत, संवाद सगळं चित्रपटाच्या तोलाचं, आणि दृश्यांच्या मधल्या जागेत पात्र तुमच्या हातात. कवकाच्या संसर्गानं जग बुडालंय. जोएल नावाच्या, मुलगी गमावलेल्या माणसावर एली या चौदा वर्षांच्या पोरीला अमेरिकेच्या एका टोकाकडून पार पलीकडे न्यायची कामगिरी येते. तिला संसर्ग बाधत नाही. शेवटी कळतं, की लस शोधायची तर तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया हवी आणि त्यात ती मरणार. जोएल इस्पितळात घुसतो, वाटेत येईल त्याला मारतो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला मारतो, पोरीला उचलून नेतो. आणि मग तिच्याशी खोटं बोलतो.

ही डॉक्टरची जागा नीट बघा. शस्त्रक्रियेची खोली. डॉक्टर हातात छोटी सुरी घेऊन आडवा उभा. त्या खोलीतल्या बाकीच्या दोघांना तुम्ही सोडू शकता. डॉक्टरला नाही. त्याला मारल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही.

२०१३ साली या शेवटावर भरपूर वाद झाले. जोएल बरोबर की चूक, जग मोठं की पोर मोठी. उत्तम वाद होते. पण त्या डॉक्टरबद्दल, "गेमनं मला हे करायला लावलं" अशी आरडाओरड झाली नाही. खेळणारा म्हणायचा, मी एलीला वाचवलं. मी. कर्तरी प्रयोग, स्वच्छ.

सात वर्षांनी, १९ जून २०२० ला, दुसरा भाग आला. सुरुवातीच्या दोनेक तासांतच ॲबी नावाची एक तरुणी गोल्फच्या काठीनं जोएलला ठार मारते, एलीच्या डोळ्यांदेखत. म्हणजे आपल्याही. मग एली सूड घ्यायला सिॲटलला जाते, तीन दिवस आपण तिच्या बाजूनं खेळतो, ॲबीच्या एकेका साथीदाराला गाठतो. तिसऱ्या दिवशी एका जुन्या नाट्यगृहात ॲबी समोर येते, बंदूक रोखते, आणि तिथे गेम गोष्ट थांबवतो. काळ तीन दिवस मागे जातो. आता तुम्ही ॲबी. पुढचे दहा-बारा तास.

आणि ॲबी कोण? त्या डॉक्टरची मुलगी.

यावर लोकांनी काय केलं? गेम पूर्ण करायला पंचवीसएक तास लागतात. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पहिल्याच दिवशी, गेम पुरता खेळून होणं शक्य नव्हतं तेव्हा, शून्य गुणांचा पाऊस पडला. समीक्षकांची सरासरी शंभरात ९३, आणि खेळाडूंची दहात चारच्याही खाली. पुढे त्या संकेतस्थळानं नियमच बदलला, गेम आल्यावर ३६ तास कुणाला मत नोंदवता येणार नाही. दुसरीकडे पहिल्या तीन दिवसांत ४० लाखांवर प्रती खपल्या. वर्षअखेरीस वर्षातला सर्वोत्तम गेम हा पुरस्कारही मिळाला.

या रागातला काही भाग सरळसरळ घाण होता. एप्रिलमध्येच कथेचे तुकडे फुटले होते, त्यावरून न खेळताच लोक पेटले होते. एली समलिंगी का, लेव्ह नावाचा मुलगा पारलिंगी का, ॲबीचे दंड एवढे का. यावर मी वेळ घालवणार नाही. ॲबीचा आवाज आणि अभिनय जिचा, त्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आपल्याकडे निळू फुल्यांबद्दलचे किस्से तुम्ही ऐकलेच असतील, बायका त्यांना समोर बघून शिव्याशाप द्यायच्या वगैरे. ते किस्से आपण कौतुकानं सांगतो, नटाच्या ताकदीची पावती म्हणून. धमकीला पावती म्हणता येत नाही. पण दुसराही एक फरक आहे आणि माझा विषय तो आहे. निळू फुल्यांना शिव्या देणाऱ्या बाईला मध्यंतरानंतर कुणी उठवून, "चला, आता तुम्ही निळू फुले" असं म्हटलं नव्हतं. (हशा)

हसू नका, या गेमनं नेमकं तेच केलं.

घाण बाजूला काढली की उरतो तो प्रामाणिक राग. तो बराच होता, आणि समीक्षकांनी त्याची नीट दखल घेतली नाही असं माझं मत आहे. दोन बाजूंनी दोन अगदी उलट तक्रारी होत्या. शेवट असा आहे, की सांता बार्बराच्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात, एली आणि ॲबीची मारामारी होते. ॲबी उपासमारीनं पार खंगलेली. वार बटणानं करायचे, तुमच्या. शेवटी एली तिला पाण्यात बुडवते, मरणार असं वाटतं, आणि एकाएकी सोडून देते. सोडण्याला बटण नाही. ते दृश्यात होतं.

एक खेळाडू म्हणाला, मला तिला मारायचं होतं, इतके तास मी त्यासाठी राबलो, माझ्या हातून सूड हिसकावला. दुसरा म्हणाला, मला ही मारामारी करायचीच नव्हती, मी केव्हाच माफ केलं होतं, माझ्याकडून वार करवून घेतले. एकाला सूड नाकारला, दुसऱ्याला क्षमा. दोघांचं व्याकरण मात्र एकच. मी केलं नाही, माझ्याकडून करवलं. प्रयोजक क्रियापद. समीक्षकांनी पहिल्याला रक्तपिपासू म्हटलं, दुसऱ्याला हळवा. मला दोघेही एकाच जागी दुखावलेले दिसतात. ज्या हाताला पंचवीस तास राबवलं, त्याला निर्णयाच्या क्षणी मांडीवर ठेवायला सांगितलं.

नोराचा प्रसंग याहून कठीण. इस्पितळाच्या तळघरात एली ॲबीच्या या मैत्रिणीला गाठते, हातात लोखंडी पाइप. ॲबी कुठे आहे, सांग. नोरा सांगत नाही. पडद्यावर चौकोनी बटणाची खूण येते. दाबलं की एक घाव. परत खूण. कॅमेरा नोराकडे नाही, एलीच्या तोंडाकडे. मी भाच्याच्या खोलीत बसून स्वतः हा प्रसंग खेळलो. पहिला घाव झाला तेव्हा मला शिसारी आली ती एलीची नाही, बटणाची. नाटकात मी कित्येक खून बघितलेत, रंगमंचावर कुणी कुणाला मारलं की मी वहीत प्रकाशयोजना टिपून घेतो. इथे वही कुठली, हात अडकलेला.

लेखक-दिग्दर्शक नील ड्रकमन आणि सहलेखिका हॅली ग्रॉस यांचा हेतू उघड आहे. तुमचा द्वेष तुमच्याच हातात देऊन बघू, तो किती वेळ धरवतो. म्हणून तर मेलेल्या शत्रूचे साथीदार त्याला नावानं हाका मारतात. ॲलिस नावाची कुत्री एलीच्या हातून मरते, आणि पुढे काळ मागे गेल्यावर तीच कुत्री ॲबीबरोबर वाट चालते. हिशेब अगदी चोख. मला वाटतं, जरा जास्तच चोख. जागोजागी लेखकानं आपल्या खांद्यावर हात ठेवून "बघ हं, ही पण माणसं" असं म्हटल्याचा भास होतो. आणि त्याच वेळी गेमची मारामारी इतकी सफाईदार, इतकी झिंग आणणारी बनवलीय, की हिंसेचा निषेध आणि हिंसेची चव एकाच ताटात वाढल्यासारखं होतं. खेळाडूंची ही तक्रार रास्त होती. जाहिरातीची तक्रारही रास्त. सप्टेंबर २०१९ च्या ट्रेलरमध्ये एका प्रसंगात जोएल दिसतो, गेममध्ये त्या जागी दुसराच माणूस असतो. तोवर जोएल मेलेला. हे कलेचं रहस्य जपणं नव्हे, गिऱ्हाइकाला गंडवणं झालं.

बरं, मग करवून घेतल्यामुळे अपराध लागतो का? माझं उत्तर, नोराच्या प्रसंगात लागत नाही. तिथे गेम माझ्याकडून बळजबरीनं काही करवतो आणि वर मलाच लाजवतो. ती लाज उसनी आहे, मी परत करतो. पण डॉक्टरचं काय? तिथेही पर्याय नव्हता. तरी २०१३ च्या खेळाडूनं तक्रार केली नाही, कारण त्याला तो खून हवा होता. मी पहिला भाग नंतर खेळलो, सगळं माहीत असून खेळलो, आणि तरीही त्या खोलीत शिरल्याबरोबर गोळी झाडली. एक क्षणही थांबलो नाही. एली टेबलावर होती ना! त्या माणसाचा चेहरासुद्धा मी बघितला नव्हता. दुसऱ्या भागात तो चेहरा मुलीशी थट्टा करताना दिसतो, तारेत अडकलेल्या झेब्र्याला सोडवताना दिसतो.

तेव्हा हवं असलेलं केलं की "मी", नको असलेलं केलं की "माझ्याकडून करवलं". आम्ही खेळाडू हे व्याकरण सोयीनं वापरतो. २०२० च्या रागात एक धागा या सोयीचा होता असं मला वाटतं. सात वर्षं मिरवलेल्या त्या "मी"चं बिल घेऊन कुणीतरी दारात उभं राहिलं. आणि बिल आणणारीही आपल्याच हातातली.

आता गिटार. हे बोललो नाही तर व्याख्यान अपुरं राहील. जोएलनं एलीला गिटार शिकवलेली. गेममध्ये काही ठिकाणी ती वाजवता येते. कंट्रोलरच्या मधल्या स्पर्शपट्टीवर बोट फिरवायचं, तारा छेडल्या जातात, स्वर तुम्ही निवडायचे. लोकांनी त्यावर आपापली आवडती गाणी बसवली, चित्रफिती करून एकमेकांना दाखवल्या. शिव्या देणाऱ्यांच्या त्याच गर्दीतून हेही येत होतं. मला त्यात नवल वाटत नाही. अख्ख्या गेममध्ये हात मोकळा सुटतो तो तिथे. काय वाजवायचं ते कुणी करवून घेत नाही.

किनाऱ्यावरच्या मारामारीत एलीच्या डाव्या हाताची दोन बोटं तुटतात. शेवटी ती रिकाम्या घरी येते, गिटार उचलते. पडद्यावर परत तीच खूण. तुम्ही पट्टीवर बोट फिरवता. तुमचं बोट शाबूत आहे, पण सूर अर्धवट येतात. गेमवर तोंडसुख घेणारी किती माणसं इथे गप्प झाली मला ठाऊक नाही, भाचा झाला असता. पण तो इथवर आलाच नाही, त्याबद्दल नंतर बोलू. मी गप्प झालो. इथे गेमनं मला काही करवलं नाही आणि काही शिकवलंही नाही. माझ्या हाताला जे येत होतं ते येईनासं झालं, एवढंच.

वेळ संपत आलीय. एक-दोन प्रश्न घेऊ.

(प्रश्न : यावर मालिका निघाली, तिच्या प्रेक्षकांना असाच राग आला का?)

एचबीओच्या मालिकेत २०२५ साली, दुसऱ्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात जोएल मरतो. लोक हळहळले, रडले, काही चिडलेही. पण मालिकेनं ॲबीचं कारण आधीच सांगून टाकलं होतं. आणि मुख्य म्हणजे बघवत नसेल तर उशीत तोंड खुपसता येतं, गोष्ट तुमच्याशिवाय पुढे जाते. गेम जात नाही. गंमत बघा, त्याच वर्षी गेममध्येही घटना काळाच्या क्रमानं खेळायची सोय आली. मी थोडं खेळून पाहिलं. समजायला सोपं जातं, पण ॲबी हातात येते तेव्हाचा जो धक्का आहे तोच निघून जातो. मला ते रुचलं नाही.

(प्रश्न : भाच्यानं शेवटी बटण दाबलं का?)

तेच सांगणार होतो. नाट्यगृहातली लढत होती ती. काळ परत तिथवर येतो, आणि आता आपण ॲबी, समोर एली. एलीला मारायला जायचं. तिनं लपून बसावं, सापळे लावावेत, हे आपणच तिच्याकडून बारा तास करवून घेतलेलं असतं, ते सगळं आपल्यावर उलटतं. भाचा तिथे मुद्दाम स्वतःला मारून घेत होता. त्याला वाटलं, ॲबीला मरू दिलं की गेम कधीतरी ऐकेल. दहा-बारा वेळा केलं त्यानं. मग पहाटे यंत्र बंद करून झोपला. आता तो बंगळूरला नोकरीला आहे. यंत्र आमच्याकडेच राहिलं, मी त्यावर माझं वेगळं खातं उघडून खेळतो. त्याचं खातं उघडलं तर ॲबी अजून त्या नाट्यगृहात उभी आहे. मी त्याला हात लावत नाही.